भिंगबाई आणि अकरा सह्या

आमच्या विमानतळावर विमान अडवून धरायची ताकद दोघांतच होती: धुक्यात आणि भिंगबाईंत. धुकं माझ्या खात्यातलं. मी हवामान खोलीत बसतो. माझा अंदाज चुकला तर लोक आकाशाला शिव्या देतात, त्यामुळे माझी नोकरी सुखाची. भिंगबाईंची खोली माझ्या शेजारची. मधली भिंत प्लायवूडची, म्हणून तिकडचं सगळं ऐकू यायचं. आणि एखादं वाक्य निसटलंच तर मी चहाचा कप घेऊन दारात जाऊन उभा राहायचो.

बाईंचा हुद्दा कागदपत्र तपासनीस. विमान घेऊन जाणाऱ्या प्रत्येक वैमानिकाने त्यांच्या टेबलासमोर यायचं, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मांडायचं. बाई तपासणार, रजिस्टरात सही करणार, मगच तो पुढे धावपट्टीकडे. गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं. आधी चष्म्यातून बघायच्या, मग चष्म्यावर भिंग धरून बघायच्या. शिक्क्याची शाई कुठे फुटली आहे, सही एका दमात केली आहे की थांबत थांबत, सगळं त्यांना दिसायचं. "कागद बोलतो," त्या म्हणायच्या, "ऐकणारा पाहिजे."

एका वैमानिकाचा परवाना घरी राहिला, तर त्याची बायको तासभर स्कूटर हाणत तो घेऊन आली. बाईंनी परवान्याला हात लावायच्या आधी त्या बिचारीचं ओळखपत्र मागितलं. दुसऱ्या एकाचा परवाना शर्टाच्या खिशात राहिला आणि शर्टाबरोबर धुतला गेला. तो लगदा त्याने पिशवीत घालून आणला. बाईंनी तो खिडकीत उन्हाला पसरला, दोन तासांनी भिंग लावलं आणि निकाल दिला, "आडनाव दिसतंय. नाव दिसत नाही. नुसत्या आडनावावर विमान उडत नाही."

तो म्हणाला, "बाई, गेली सात वर्षं तुम्ही मला ओळखता!"

"मी ओळखते हो. रजिस्टर कुठे ओळखतंय?"

या अशा बाईंना एकच वैमानिक वंदनीय होता. त्यांना सगळे थोरले म्हणायचे. एकसष्ट वर्षांचे, पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्री, बावीस हजार तासांचं उड्डाण. एका छोट्या विमान कंपनीचे ते मुख्य वैमानिक. महिन्यातून एखाद वेळी आमच्याकडे यायचे, आणि आले की शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे उगाचच ताठ व्हायचे. मीसुद्धा. माझ्या अंदाजाला ते "वा, अचूक!" म्हणायचे. तो अचूक नसायचा, हे मला ठाऊक होतं, पण ऐकायला कोणाला वाईट वाटतं?

थोरल्यांची कागदपत्रं तपकिरी चामड्याच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक कागद वेगळ्या पारदर्शक कव्हरात. फोल्डर उघडून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, आमचं विमान इंजिनावर नाही, तुमच्या सहीवर उडतं." बाई लाजायच्या. खोटं कशाला सांगू, एकोणीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना तेव्हाच लाजताना पाहिलं. तरुण पोरं चुरगळलेले कागद घेऊन आली की त्या सुनावायच्या, "थोरल्यांकडून शिका. कागद कसा ठेवावा!"

मग ते परिपत्रक आलं. तीन पानी, आणि पाठोपाठ त्याच्यातल्या चुका दुरुस्त करणारं चार पानी. सार एका ओळीचं होतं: वैमानिकांनी परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यापुढे फोनवर दाखवलं तरी चालेल; कागद बाळगायची सक्ती नाही. मुख्य कार्यालयातून एक तरतरीत प्रशिक्षिका आली. तिने पडद्यावर चित्रं दाखवली, हसून विचारलं, "काही शंका?"

बाईंनी हात वर केला. "शिक्का कुठे मारलेला असतो?"

"शिक्का नसतो, मॅडम. चौकोनी ठिपक्यांचं चिन्ह असतं."

"म्हणजे शिक्का नाही."

"गरजच नाही."

"अहो, शिक्क्याची गरज नाही असं म्हणणारे लोकच शिक्का नसलेले कागद आणतात," बाई म्हणाल्या आणि वही मिटून बसल्या. प्रशिक्षिकेने वर्ग पंधरा मिनिटं आधी संपवला.

त्यानंतरचे दोन महिने आमच्याकडे करमणुकीला तोटा नव्हता. बाई फोनवर भिंग धरायच्या आणि म्हणायच्या, "यात नुसते ठिपके आहेत. लाल, हिरवे, निळे. सही कुठाय?" एकाच्या फोनची काच फुटलेली होती. बाईंनी शेरा मारला: परवाना तडकलेला. दुसऱ्याच्या फोनमध्ये नऊ टक्के चार्ज होता. "हा परवाना तर अर्ध्या तासात मरतोय. वर गेल्यावर मेला म्हणजे? बिनपरवान्याचं विमान खाली कसं उतरवणार?" तो पोरगा डोकं धरून बसला. तिसऱ्याने परवाना उघडला आणि नेमका तेव्हाच त्याच्या सासूचा फोन आला. पडद्यावर परवाना जाऊन सासूबाईंचा फोटो. बाई शांतपणे म्हणाल्या, "यांची मुदत कधी संपते?"

तक्रारी वर गेल्या. आमचे साहेब म्हणजे विमानतळाचे अधिकारी, स्वभावाने भिडस्त. कोणालाही नाही म्हणायची वेळ आली की त्यांना अचानक दुसऱ्या खोलीत काम निघायचं. त्यांनी बाईंच्या टेबलावर एक टॅब आणून ठेवला. "बाई, वैमानिकाच्या फोनवरचं चिन्ह यावर धरायचं. नाहीतर परवान्याचा नंबर टाकायचा. हिरवं आलं की सोडायचं, लाल आलं की थांबवायचं. संपलं."

"मग मी कशाला?"

"सही करायला," साहेब म्हणाले, आणि त्यांना दुसऱ्या खोलीत काम निघालं.

बाई त्या टॅबला पाटी म्हणायच्या. पाटी घरी नेली, शिकायला म्हणून. घरी यजमान, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि लेक, जी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सगळं सांगितलं. यजमान म्हणे विचारत होते, "आता सगळे दाखले फोनवर. आपल्या लग्नाचा दाखला काही फोनवर नाही. म्हणजे मी मोकळा ना?" लेकीने मात्र नीट समजावलं होतं. ती म्हणाली, "आई, पेशंट गेल्या वर्षीचा रिपोर्ट घेऊन आला, सुंदर लॅमिनेशन केलेला, तर मी काय म्हणू? तुमचं रक्त छान आहे? तो रिपोर्ट त्या दिवशीच्या रक्ताचा. तुझा कागदही छापला त्या दिवसाचं सांगतो. ही पाटी आजचं विचारून येते."

"पटलं का?" मी विचारलं.

"बोलते छान. बापावर गेलीय," बाई म्हणाल्या. म्हणजे पटलं नव्हतं.

उलट त्यांनी मनाशी एक बेत केला होता. पाटी चुकते हे त्यांना एकदा साहेबांच्या तोंडावर सिद्ध करायचं होतं. त्यासाठी असा कागद हवा होता, ज्याच्याबद्दल शंकेला जागाच नाही. आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला थोरले आले. बाहेर एकोणीस प्रवासी: एका शाळेचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ, त्यांच्या शिक्षिका आणि त्यांच्या दुप्पट पिशव्या. थोरल्यांनी नेहमीसारखं फोल्डर उघडलं. परिपत्रकाप्रमाणे कागदही चालत होताच. "आम्ही जुनी माणसं, बाई," ते म्हणाले, "फोनवर फक्त नातवंडं बघतो." बाई खूश. थोरले माझ्याकडे हवामान बघायला आले आणि बाईंनी त्यांचा नंबर पाटीवर टाकला.

पाटी लाल झाली.

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं. मोठ्याने, मनापासून. "अहो हवामान! इकडे या! साहेबांनाही बोलवा! बघा तुमचं यंत्र कसं थापा मारतंय!"

मी गेलो. माझ्यामागे थोरलेही आले. पाटीवर लिहिलं होतं: वैद्यकीय प्रमाणपत्र स्थगित. खाली तारीख, चौदा महिन्यांपूर्वीची. मीही हसलो. बाईंनी थोरल्यांकडे बघितलं, तेही हसतील म्हणून.

थोरले हसत नव्हते. ते फोल्डर उचलत होते.

हे एवढंच झालं. पण बाईंनी एकोणीस वर्षं लोकांना कागद उचलताना बघितलेलं. त्यांचा हात आपोआप फोल्डरवर गेला. "राहू द्या जरा," त्या म्हणाल्या. "मी फोन करून यांची चूक दुरुस्तच करून घेते."

मुख्य कार्यालयाच्या वैद्यकीय विभागात फोन लावला. सहा मिनिटं संगीत वाजलं. मग एका कारकुनाने नंबर विचारला, कीबोर्ड वाजवला आणि वाचून दाखवलं: हृदयाच्या तपासणीत दोष, उड्डाणास अपात्र, पुढील तपासणीस उमेदवार हजर राहिलेले नाहीत. फोन स्पीकरवर होता. बाईंना बटणं कळत नसल्यामुळे तो कायम स्पीकरवरच असायचा.

बाईंनी फोन ठेवला. गळ्यातलं भिंग हातात घेतलं. "कॅप्टन, तो कागद कव्हरातून काढा."

"बाई, तुम्ही माझा कागद भिंगाने बघणार?"

"काढा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की थोरल्यांचा कागद मी कधीच कव्हराबाहेर पाहिलेला नव्हता. कोणीच नव्हता पाहिलेला. पोरांच्या कागदांचा कणन्‌कण तपासणाऱ्या बाईंनी या एका माणसाच्या कागदावर भिंग एकदाही धरलं नव्हतं. अपमान वाटेल म्हणून.

थोरल्यांनी कागद काढला. बाईंनी शिक्क्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग माझ्या हातात दिलं. खऱ्या शिक्क्याची शाई कागदाच्या धाग्यांत उतरते, फुटते. इथे बारीक ठिपके होते. लाल, निळे, पिवळे. जुन्या प्रमाणपत्राची छबी घेऊन, नुसती तारीख बदलून, रंगीत यंत्रावर छापलेलं. दर सहा महिन्यांनी नवी तारीख. आणि कंपनीत कोणाला कसं कळलं नाही? कंपनीत वैमानिकांच्या फायली सांभाळायचं काम मुख्य वैमानिकाचं, म्हणजे थोरल्यांचंच.

साहेब आले. परिस्थिती बघून त्यांना दुसऱ्या खोलीत काम निघणारच होतं, पण मी दारात उभा होतो. "नेटवर्कचा घोळ असेल," ते म्हणाले. "बाई, बाहेर मुली ताटकळल्यात. आत्ता जाऊ द्या, संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी काय बघायचं साहेब? उतरलं की नाही ते?"

थोरल्यांचा आवाज तोवर बदलला होता. "बावीस हजार तास," ते म्हणाले. "एक ओरखडा नाही. आणि एक पोरगेला डॉक्टर एका आलेखाकडे बघून मला घरी बसवणार? मी धडधाकट आहे. आणि शेजारी दुसरा वैमानिक असतोच की. माझं काही झालं तर ती उतरवेल."

ती म्हणजे सहवैमानिक. तीन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली मुलगी. ती दाराशी टोपी हातात धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. चौदा महिन्यांतल्या आपल्या वाट्याच्या तीन महिन्यांत आपल्याला कशासाठी राखीव ठेवलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"तिला विचारलं होतंत?" बाई म्हणाल्या.

फोल्डर तिथेच ठेवून थोरले पार्किंगकडे चालत गेले. चालसुद्धा कडक इस्त्रीची. गेटवरच्या रखवालदाराने त्यांना सलाम ठोकला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

बदली वैमानिक दोन तासांनी आला. तोच, नऊ टक्केवाला. या वेळी त्याच्या फोनमध्ये सहा टक्के होते. बाईंनी काही न बोलता ड्रॉवरमधून स्वतःचा चार्जर काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. पोरगा इतका घाबरला की त्याने दोनदा विचारलं, "बाई, हे चालतं का?" पाटी हिरवी झाली. मुली उडाल्या.

दुपारी बाई माझ्या खोलीत आल्या. रजिस्टर घेऊन. चौदा महिन्यांची पानं उलटून त्यांनी मोजलं होतं. "अकरा वेळा," त्या म्हणाल्या. "अकरा वेळा मी सही केलीय. तपासले, योग्य. सांगा, का नाही बघितलं मी?"

"मोठा माणूस होता, बाई. कोणीही..."

"मोठेबिठे सोडा. ते माझं कौतुक करायचे." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मला ते आवडायचं. त्या पोरांपैकी कोणी कधी केलं नाही. कशाला करतील?"

मला माझं 'वा, अचूक' आठवलं. मी खिडकीबाहेर बघून ढगांविषयी काहीतरी बोललो.

बाईंनी अहवाल लिहिला, आणि त्यात शेवटून दुसरं वाक्य असं होतं: सदर बनावट प्रमाणपत्र मी स्वतः अकरा वेळा तपासून योग्य ठरवले आहे. साहेबांनी अहवाल वाचून बाईंना बोलावलं. "सगळं उत्तम. एवढं वाक्य काढा."

"खोटं आहे का?"

"खरं आहे, म्हणूनच काढा. वरचे लोक विचारतील, मग तिथे तपासणी म्हणजे चालतं काय?"

"विचारायलाच पाहिजे की."

"बाई, दोन वर्षं राहिलीत तुमची निवृत्तीला!"

वाक्य राहिलं. आणि मग ज्याचं त्याला मिळालं. परिपत्रकवाल्या विभागाने जाहीर केलं की डिजिटल पडताळणीमुळे एक गंभीर प्रकार उघडकीस आला. सोबत विभागप्रमुखांचा टॅब हातात धरलेला हसरा फोटो. त्यांनी तो टॅब उलटा धरला होता, पण फोटो छान आला होता. थोरल्यांचा परवाना रद्द झाला. त्यांच्या कंपनीने त्यांच्या प्रदीर्घ अनुभवाचा मान राखून त्यांना सुरक्षा सल्लागार नेमलं. भिंगबाईंना कारणे दाखवा नोटीस आली. अकरा सह्यांबद्दल.

आमच्याकडचे अर्धे लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. म्हातारपणी बाईने देवमाणसाला धुळीला मिळवलं म्हणे. मी त्या अर्ध्यांत होतो असं म्हणता येणार नाही. पण आठ दिवस मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या बाजूच्या जिन्याने जात होतो, हे खरं आहे. भिंतीपलीकडे शांतता असायची. फक्त पाटीचा टिंग टिंग आवाज.

चौकशीला त्या एकट्या गेल्या. समितीने विचारलं, "आपल्या बचावात काही म्हणायचंय?" बाई म्हणाल्या, "सह्या माझ्याच आहेत." समितीची मोठी पंचाईत झाली. असं उत्तर त्यांच्या छापील नमुन्यात नव्हतं. शेवटी एक लेखी ताकीद देऊन त्यांनी बाईंना परत पाठवलं. बाईंनी ती वाचली, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुकांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि पोच दिली.

वर्षभराने आमच्या सभागृहात विमान सुरक्षेवर व्याख्यान ठरलं. वक्ते, थोरले. विषय, वैमानिकाची सचोटी. हा विषय कोणी निवडला हे शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब म्हणाले, वरून आला. प्रवेश निमंत्रितांच्या यादीप्रमाणे, आणि यादी घेऊन दाराशी भिंगबाई, कारण ते त्यांचंच काम.

थोरले आले. केस तसेच, इस्त्री तशीच. लोक बाजूला झाले, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. ते हात उंचावत आत निघाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "यादीत बघू द्या."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. नाव नव्हतं. आयोजकांनी शंभर जणांची नावं घातली होती आणि वक्त्याचंच विसरले होते. साहेब धावत आले, "अहो बाई, हेच तर पाहुणे!" बाई म्हणाल्या, "असतील. नाव घालून आणा." दुरुस्त यादी मुख्य कार्यालयातून यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ थोरले दाराबाहेरच्या बाकावर बसले, त्यांच्या शेजारी ती सहवैमानिक मुलगी. ती आता दुसऱ्या कंपनीत होती. तिचं नाव पहिल्याच पानावर होतं, तरी ती आत गेली नाही.

यादी आली. बाईंनी नाव वाचलं, ओळखपत्र पाहिलं, खूण केली. "या, कॅप्टन."

व्याख्यान तासभर चाललं. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, वही उघडून. दोन पानं भरून लिहिलं त्यांनी. संपल्यावर आम्ही खोल्यांकडे चालत निघालो. मला राहवलं नाही.

"कसं वाटलं, बाई?"

"चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "एक शब्द चुकीचा नव्हता."

मग त्यांनी खोलीचं कुलूप उघडलं, कारण साडेचारचं विमान होतं आणि त्याचा वैमानिक आधीच दारात फोन पुसत उभा होता.